हॅलो, सातपूर, पंचवटी, भद्रकाली

“आवाज चोरलाय तुमच्या वरच्यांनी.”

नूरबानोनं कानांवरचे हेडफोन काढले, त्यांची वायर एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा अशी हातावर गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. समोरच्या मुलीचा चेहरा उतरलेला पाहून तिनं जरा सावरून घेतलं.

“तुला नाय म्हणत, पोरी. वर जे कोण बसलेत त्यांना म्हणते. चोर म्हणते.”

समोरची मुलगी म्हणजे संग्रहालयाची गाइड, रोहिणी. काळा टी-शर्ट, छातीवर रुपयाएवढा लाल ठिपका. सकाळपासून तिनं चार घोळक्यांना ‘गारपीट’ बँडचा इतिहास सांगितला होता आणि चारही वेळा तो सारखाच निघाला होता. त्यात चोरी कुठंच नव्हती.

“काकू, आवाज नीट येत नाहीये का? वाढवू थोडा?”

“आवाज झकास हाय. माणूस दुसरा हाय.”

मागं उभ्या असलेल्या आफियानं आईच्या कोपराला हात लावला. आफिया इंदिरानगरच्या एका शाळेत गणित शिकवायची. वर्गात साठ पोरांवर ओरडायची, पण चारचौघांत आईचा आवाज चढला की तिच्या मानेला घाम फुटायचा.

“अम्मी, हळू.”

“हळू कशाला? आवाजाचंच दुकान हाय ना हे?”

नूरबानो मूळची विंचूरची. नाशकात चाळीस वर्षं काढली तरी तिच्या ‘हाय’चं काही ‘आहे’ झालं नव्हतं.

‘गारपीट’ हा रॉक बँड मात्र अस्सल नाशिकचा. द्राक्षबागांच्या मुलखात पोरांनी बँडला हे नाव ठेवलं तेव्हा घरच्यांनी शिव्या घातल्या होत्या. आता त्याच नावाची कमान गंगापूर रोडवर उभी होती आणि आत शिरायला रांग लागत होती. आत सगळं काचेत. गिटारी, ढोल, फाटक्या जीन्स, गायक राजनं एकदा स्टेजवरून पब्लिकमध्ये भिरकावलेला बूट. बुटाला पाटी होती. त्याला लेस कुणी बांधली होती, तेसुद्धा पाटीवर होतं. ज्यांनी खांब रोवले, वायरी ओढल्या, त्यांना पाटी नव्हती. संग्रहालय म्हणजे काय ठेवायचं याची जागा, असं लोक समजतात. काय ठेवायचं नाही हेही तिथंच ठरतं.

आणि दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, ही अक्षरं:

हॅलो. सातपूर. पंचवटी. भद्रकाली.
मागच्यांना ऐकू येतंय का?

१९९६च्या डिसेंबरात गोल्फ क्लबच्या मैदानावर गारपीटचा कार्यक्रम झाला. त्याची कॅसेट निघाली आणि बँड महाराष्ट्रभर गेला. त्या कॅसेटची ही सुरुवात. भिंतीवर नसलेला पुढचा भाग सगळ्यांना पाठ होता. ‘मागच्यांना ऐकू येतंय का’ असं विचारल्यावर मैदानाच्या पार टोकाकडून कुणीतरी बोंबलतो, ‘नाय येत!’ त्यावर स्टेजवरचा म्हणतो, ‘मग उत्तर कसं दिलंस, भाऊ?’ आणि हसतो. मग गिटार.

भिंतीखाली पितळी पाटी होती. ‘सातपूर म्हणजे कामगार, पंचवटी म्हणजे श्रद्धा, भद्रकाली म्हणजे बाजार. तीन शब्दांत उभं राहिलेलं एक शहर. राजला स्टेजवर उभ्या उभ्या सुचलेली कविता.’

पोरंपोरी त्या भिंतीला टेकून फोटो काढत होती.

आता खरं काय ते. सातपूर म्हणजे ‘स’. ‘स’ चिरचिरला तर ट्रेबल उतरवायचा. पंचवटी म्हणजे ‘प’. ‘प’ म्हणताना तोंडातून वारा सुटतो. तो माईकवर फुटला तर माईक जरा कलता करायचा. आणि भद्रकालीतला ‘भ’ छातीतून निघतो. तो घुमला तर बेस कमी. ही कविता नव्हती. चौक मंडईतल्या शेख साउंड सर्व्हिसचा सलीम शेख माईक तपासत होता. लग्नं, उरूस, गणपती, निवडणुकीच्या सभा, यांतून त्याचं त्याला उमगलेलं शास्त्र होतं ते. बाकीचे साउंडवाले ‘वन टू थ्री’ म्हणायचे. सलीम म्हणायचा, वन टू थ्रीमध्ये ‘भ’ दाखव मला.

त्याचा दुसरा नियम म्हणजे माईकवर फुंकायचं नाही आणि टकटक करायची नाही. मंडपातलं कुणी फुंकायला लागलं की तो विचारायचा, “तुझ्या तोंडावर कुणी असं फुंकलं तर चालंल का रे?”

त्या दिवशी रेकॉर्डिंगवाल्यानं बटन अर्धं मिनिट आधी दाबलं, एवढाच काय तो चमत्कार.

पहिल्या खेपेच्या पाचशे कॅसेटींत सलीमचा आवाज तसाच राहिला. दुसऱ्या खेपेला कुणाच्या तरी लक्षात आलं, त्याला कापलं आणि कॅसेट थेट गिटारवर सुरू झाली. पण तोवर पाचशे जणांनी ते पाठ केलं होतं आणि आणखी पाच हजारांना शिकवलं होतं. पुढं राज प्रत्येक कार्यक्रम त्याच शब्दांनी सुरू करायला लागला आणि मैदानंच्या मैदानं ‘नाय येत’ म्हणून ओरडायला लागली. नूरबानोनं तेव्हा नवऱ्याला टोचलं होतं. सलीम म्हणाला, “बोलू दे की. त्याच्या तोंडात शोभतं. माझ्या तोंडात तंबाखू असते.”

म्हणून शब्द गेले तेव्हा ती बाहेर कुणाला काही बोलली नव्हती.

कॅसेट सलीमनंच घरी आणली होती. “बघ, प्रोग्रामचा कचरा कसा छापलाय,” असं म्हणून खो खो हसला होता. नूरबानोला ती गाणी कधी आवडली नाहीत. पण सलीम सामान घेऊन वणीच्या नाहीतर पिंपळगावच्या कार्यक्रमाला गेला की दोन-दोन दिवस यायचा नाही. मग ती भाकरी थापता थापता पहिलं अर्धं मिनिट लावायची, पिठाच्या बोटानं मागं फिरवायची, परत लावायची. कॅसेटची सुरुवात झिजली, गाणी कोरी करकरीत राहिली. शेवटी मशीननं फीत खाल्ली. मेन रोडच्या दुरुस्तीवाल्यानं चुरगळलेला तुकडा कापून टाकला, बाकीची फीत जोडून दिली आणि म्हणाला, “भाभी, एक पण गाणं गेलं नाय.”

तेव्हा सलीम जिवंत होता, म्हणून तीही हसली.

चौदा वर्षांपूर्वी एका लग्नात, स्टेजच्या मागं, सलीम जरा टेकतो म्हणून खाली बसला तो उठला नाही. नंतर घरात शोधाशोध झाली. हजारो माणसांचा आवाज ज्यानं मैदानाच्या टोकापर्यंत पोचवला त्याचा स्वतःचा आवाज कुठंच नव्हता. जुन्या फोनमध्ये नाही. लग्नांच्या व्हिडिओंत तो दिसायचा, पण वायर ओढताना, पाठमोरा. आफियानं जुन्या बाजारातून गारपीटच्या दोन कॅसेटी पैदा केल्या. दोन्ही गिटारवर सुरू झाल्या. इंटरनेटवरही तेच.

आणि मग ही जाहिरात आली. ‘गोल्फ क्लब १९९६. मूळ फीत. पहिल्या सेकंदापासून. फक्त इथंच ऐका.’ आफियानं रविवारची तिकिटं काढली. रविवारी सकाळी नूरबानोनं डोक्याला तेल लावलं, ट्रंकेतला ठेवणीतला दुपट्टा काढला, तो झटकून पुन्हा घडी घातला आणि मग अंगावर घेतला. कशाला एवढं, असं आफियानं विचारलं नाही.

आणि हेडफोन लावल्यावर पहिला आवाज आला तो ‘फू, फू’.

“माझा माणूस जन्मात कधी माईकवर फुंकला नाय,” नूरबानो रोहिणीला सांगत होती. “दुसरं, ‘प’ फुटतोय. कानात दगड मारल्यासारखा. तिसरं, हसणं कुठाय? हसण्याच्या जागी पब्लिक ओरडतंय.”

“काकू, हे मूळ रेकॉर्डिंगच आहे. फक्त स्वच्छ केलंय. जुन्या फितीची खरखर वगैरे काढतात ना, तसं.”

“खरखर काढली का माणूस काढला?”

रोहिणीनं एकदा आफियाकडं पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणारे लेक-सून अशा वेळी डोळ्यांनी माफी मागतात. आफियानं मागितली नाही. ती भिंतीवरची अक्षरं पाहत होती.

रोहिणीनं टेबलावरचा फोन उचलला आणि पाठ फिरवून हळू आवाजात बोलली. वर साहेबांची काचेची एक केबिन होती. काच बाहेरून काळी होती. आतून खालचं सगळं दिसत असणार.

“सर म्हणतायत,” ती परत वळली, “फितीचा सुरुवातीचा भाग फार खराब होता. म्हणून तेवढाच राजसरांकडून परत बोलून घेतला. शब्द तेच आहेत. अर्थ तोच आहे.”

“म्हणजे मूळ नाहीये,” आफिया म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली. “बाहेरच्या फलकावर ‘मूळ’ लिहिलंय.”

“मूळ म्हणजे मॅडम... मूळ भावना.”

“भावनेला पहिला सेकंद असतो का?”

रोहिणीच्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता.

“फीत कुठाय?” नूरबानोनं विचारलं.

फीत तिथंच होती. दालनाच्या मधोमध, काचेच्या उभ्या पेटीत, ताटाएवढं तपकिरी चाक. त्यावर वरून एक दिवा सोडला होता. देवासारखी ठेवली होती.

“ही वाजवा. मला अर्धा मिनिट पायजे. अर्धा मिनिट ऐकते, उठते, जाते. मग तुमचं संग्रहालय तुम्हाला लखलाभ.”

“ती वाजवत नाहीत, काकू. ती फक्त बघण्यासाठी आहे.”

“आवाज बघायला ठेवलाय?”

पेटीभोवती उभी असलेली दोन पोरं हसली. रोहिणीला हसू आलं, ते तिनं गिळलं आणि पुन्हा फोन उचलला. या वेळी वरून बराच वेळ काहीतरी सांगितलं गेलं. ती नुसती “हो सर, हो सर” म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिनं बोलायला सुरुवात केली ती जमिनीकडं बघत.

“सर विचारतायत, तो आवाज तुमच्या मिस्टरांचाच होता याला पुरावा काय? म्हणजे उद्या कुणीही येऊन म्हणेल, की... मी नाही म्हणत काकू, सर म्हणतायत.”

नूरबानोचा हात पिशवीत गेला. पिशवीत ती जोडलेली कॅसेट होती. सकाळी तिनं ती का घेतली ते तिलाच माहीत. तिनं ती बाहेर काढली नाही. पुरावा म्हणून काय दाखवणार? एक पण गाणं गेलेलं नाही, एवढाच पुरावा होता तो.

“चल अम्मी,” आफिया म्हणाली. “पुरे झालं. यांच्या तोंडी नको लागायला.”

नूरबानो वळली खरी, पण दोन पावलांवर थांबली. शेजारच्या काचेच्या पेटीपाशी सगळ्यात जास्त गर्दी होती. आत मखमलीवर एक माईक आडवा ठेवला होता. जुना, जाळीला पोचा आलेला. दांड्याच्या बुडाशी एक लाल ठिपका. रोहिणीच्या टी-शर्टवर होता तोच. तिकिटावर, भिंतीवर, बाहेरच्या कमानीवर होता तोच.

नूरबानोनं गर्दीत खांदा घालून पाटी वाचली. ‘कार्यक्रमाच्या काही मिनिटं आधी राजनं आपलं बोट कापलं आणि या माईकवर स्वतःच्या रक्ताचा ठिपका लावला. तोच पुढं गारपीटचं आणि एका पिढीच्या बंडाचं चिन्ह बनला.’

तिनं ती पाटी दोनदा वाचली. मग तिला जे हसू फुटलं त्यानं गर्दीतली माणसं मागं वळली.

“हे कुणी लिहिलं?”

“संशोधन करून लिहिलंय, काकू,” रोहिणी मागून आली होती.

“संशोधन! पोरी, तू बाईमाणूस हायेस ना? रक्त कधी तीस वर्षं लाल राहतं का? संध्याकाळपर्यंत तपकिरी पडतं. एवढं तरी तुझ्या साहेबांनी घरात कुणा बाईला विचारायचं.” तिनं काचेवर बोट टेकवलं. “नेलपॉलिश हाय ही. माझी.”

कुणीतरी मोबाइल खाली घेतला.

ती बाटली नणंदेनं दिली होती, सगाईच्या वेळी. नूरबानो पाच वक्त नमाज पढणारी. नखावर रंगाचा थर असला की वुजूचं, नमाजाआधी हातपाय धुण्याचं, पाणी खाली पोचत नाही, म्हणून बाटली फळीवर पडून होती. आणि मोठ्या कार्यक्रमाला तीन-चार साउंडवाल्यांचं सामान एकत्र यायचं. सगळे माईक सारखे, रात्री आवरताना कुणाचा कुणाकडं जायचा. काही जण रंगीत टेप लावायचे, तो उन्हात सुटायचा. एके दिवशी सलीम तक्रार करत बसला होता, तेव्हा तिनं फळीवरची बाटली काढली आणि सगळ्या माईकना एकेक ठिपका दिला. वायरींचे जोड ती सोल्डरनं डागून द्यायचीच घरी बसून; हे एक काम वाढलं. गोल्फ क्लबच्या कार्यक्रमानंतर सगळं सामान घरी आलं, एक माईक आला नाही. सलीमनं चार ठिकाणी विचारलं आणि सोडून दिलं. म्हणाला, त्या गाणाऱ्या पोराच्या हातात होता, घामात विसरला असंल.

हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. फार लांबण न लावता, जसं रेशनच्या दुकानात आपला नंबर सांगतात तसं.

रोहिणीचा हात नकळत स्वतःच्या छातीवरच्या ठिपक्यावर गेला होता. तिनं तो काढून घेतला.

“काकू, पण ठिपका तर कुणीही...”

“बाहेरचा कुणीही लावंल. आतला?”

“आत?”

“ती जाळी फिरवून काढायची. आतल्या कड्यावर दुसरा ठिपका असंल. बारका, मोहरीएवढा. बाहेरचा खरवडून माईक पळवायचे लोक, म्हणून मी आतबी लावायचे. त्यांच्या संशोधनात तो हाय का विचार वर.”

आफियानं आईकडं पाहिलं. आतल्या ठिपक्याचं तिलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्यांदा फोन उचलताना रोहिणी पाठ फिरवायला विसरली.

“सर, त्या म्हणतायत जाळीच्या आत दुसरा ठिपका आहे... हो... नाही सर, उघडली नाहीये... चावी माझ्याकडेच आहे, सर. दोन मिनिटांचं काम... नाही. नाही उघडत... हो, ऐकतेय.”

तिनं फोन ठेवला. आजूबाजूला आता पंधरा-वीस माणसं होती.

“काय म्हणाले?” नूरबानोनं विचारलं.

“म्हणाले, त्यांना चहा द्या.”

चहा खरंच आला. कागदी कप, कपावर लाल ठिपका. सोबत अर्जाचा कागद. आफिया अर्ज वाचायला लागली आणि वाचता वाचता म्हणाली, “समिती निर्णय घेईल असं लिहिलंय. समितीत कोण आहे?”

“सर,” रोहिणी म्हणाली.

“आणि?”

“सरच.”

आफियानं पेन काढलं. ‘अर्जाचा विषय’ या रकान्यात तिनं ‘आवाज’ असं लिहिलं. मग पेन तसंच धरून बसली. पुढं काय लिहायचं ते गणिताच्या बाईला सुचेना. आवाज परत मिळणेबाबत? आवाज दुरुस्त करणेबाबत? तिनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

नूरबानोच्या चहावर साय धरली होती. ती फितीच्या त्या चाकाकडं बघत होती. आत कुठंतरी, बाहेरच्या काठावर, पहिल्या दोन-चार वेढ्यांत तो होता. हसत होता. मध्ये बोटभर जाडीची काच होती.

रोहिणी टेबलाच्या कडेनं आली आणि कप उचलण्याच्या निमित्तानं वाकली.

“काकू, डाव्या हाताला ‘तुमचा आवाज’ म्हणून खोली आहे. तिथं कुणीही जाऊ शकतं. लाल दिवा लागला की बोलायचं. अर्धं मिनिट मिळतं.” तिनं कप उचलला, पण ती सरळ झाली नाही. “तिथलं सगळ्या इमारतीत ऐकू येतं. वरच्या केबिनमध्येपण स्पीकर आहे. तो बंद होत नाही. सर रोज तक्रार करतात.”

मग ती सरळ झाली आणि नव्या घोळक्याकडं गेली. “नमस्कार, गारपीटच्या दुनियेत आपलं स्वागत.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त ती माईकच्या पेटीपाशी थांबली नाही; सगळ्यांना घेऊन सरळ पुढं गेली.

खोलीत कॉलेजची दोन पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. ती संपल्यावर नूरबानो आत गेली. आफिया तिच्या मागं.

माईक स्टँडवर होता. नूरबानोनं आधी खाली वाकून वायर पाहिली, जोडाशी ती सैल होती, ती दाबून बसवली. मग माईक तोंडापासून वीतभर लांब नेला, जरासा कलता केला. फुंकली नाही. टकटक केली नाही. दुपट्टा कानामागं सारला आणि बटन दाबलं. समोरच्या पट्टीवर तीसचा आकडा लागला आणि उलटा पळायला लागला. लाल दिवा लागला.

“हॅलो,” ती म्हणाली.

इमारतीच्या कानाकोपऱ्यातून ‘हॅलो’ आला.

“सातपूर.”

तिनं मान किंचित तिरकी केली. ‘स’ ऐकत होती. ठीक होता.

“पंचवटी.”

‘प’ फुटला नाही.

“भद्रकाली.”

बाहेर दालनातली कुजबुज थांबली होती. ती सलीमची नक्कल करत नव्हती. नक्कल करायला माणूस वेगळा असावा लागतो. हजारदा मागं फिरवून ऐकलेल्या अर्ध्या मिनिटाची लय तिच्या जिभेत मुरून गेली होती. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, ‘भद्रकाली’नंतर तंबाखू गालात सरकवायला लागणारा तो बारीकसा वेळसुद्धा.

“मागच्यांना ऐकू येतंय का?”

“नाय येत!” दालनातून शंभरेक गळे एकदम ओरडले. त्यांची सवय होती ती.

“मग उत्तर कसं दिलंस, भाऊ?”

आणि ती हसली. आधी नाकातून एक हुंकार, मग तीन पायऱ्या उतरत गेल्यासारखं हसू आणि शेवटी छातीतला खोकला.

आफिया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अब्बांचा आवाज आपल्याला आठवत नाही, ही गोष्ट तिनं आईला कधीच सांगितली नव्हती. वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आठवायला हवा होता. प्रयत्न केला की नुसत्या वायरी ओढल्याचा आवाज आठवायचा. पण हे हसणं तिच्या ओळखीचं होतं. हे ती रोज ऐकत होती. टीव्हीसमोर, दळण निवडताना, शेजारणीशी बोलताना. हे हसणं ती आजवर अम्मीचं समजत आली होती.

तिनं पर्समधून मोबाइल काढला. रेकॉर्डिंगचं बटन दुसऱ्या खेपेला दाबलं गेलं.

पट्टीवर अकरा उरले होते. दालनात लोक गिटारची वाट बघत होते. हसण्यानंतर गिटार येते हे त्यांना पाठ होतं. गिटार आली नाही. नूरबानोनं माईक स्टँडवरून काढून हातात घेतला, खोलीच्या दारातून वर पाहिलं, काळ्या काचेकडं. तिच्या पाठोपाठ सगळ्यांच्या माना वर झाल्या. रोहिणीचीसुद्धा.

“वरच्यांना ऐकू येतंय का?”

स्पीकर खरखरला. वर काचेमागं काहीतरी हललं, किंवा हलल्यासारखं वाटलं. सात. सहा. पाच.

“ज्याच्या नावाची पाटी नाय त्याची बायको विचारते. ऐकू येतंय का?”

कुणी हसलं नाही.

“नसंल येत, तर नाय म्हणा.”